ड्रायव्हरचं ‘लायसन्स’: ४,९९९ रुपये

ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी, आणि ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला ती चालवता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर. हा ड्रायव्हर विकत मिळत नाही. ज्या कंपनीचा इंटरफेस, तिच्या साइटवर जायचं, मॉडेल निवडायचं आणि ड्रायव्हर फुकट उतरवून घ्यायचा. त्याला वार्षिक लायसन्स नसतं, मुदत नसते, नूतनीकरण नसतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण याच गोष्टीचे माझ्याकडून ४,९९९ रुपये उकळले गेले. आणि ज्याने उकळले त्याला रेकॉर्डिंगमधलं बऱ्यापैकी कळत होतं. तो अडाणी असता तर मी दोन मिनिटांत फोन ठेवला असता.

नाशिकला इंदिरानगरमध्ये आमचं छोटं भजनी मंडळ आहे. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, त्याआधी चार अभंग नीट ध्वनिमुद्रित करून नातेवाइकांना पाठवायचे असं ठरलं होतं. मागच्या खोलीत दोन माइक, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस आणि लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एवढाच संसार. विंडोजचं एक अपडेट झालं आणि रीपरमधल्या एएसआयओच्या, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीच्या खास ड्रायव्हरच्या, यादीतून इंटरफेसचं नावच गेलं. गंमत म्हणजे यूट्यूबचा आवाज त्याच इंटरफेसमधून व्यवस्थित येत होता. दुसरा एक ड्रायव्हर निवडून रेकॉर्ड केलं तर पखवाजाच्या प्रत्येक थापेमागे गरम तेलात मोहरी पडल्यासारखी चरचर.

कंपनीचं नाव आणि ‘ड्रायव्हर प्रॉब्लेम’ असं सर्चमध्ये टाकलं. सगळ्यात वर आलं ते ‘अधिकृत ड्रायव्हर साहाय्य’, सोबत फोन नंबर. त्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं. म्हणजे ती पैसे भरून लावलेली जाहिरात होती, कंपनीची साइट तिच्या खाली होती. कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण तिचा या प्रकाराशी काडीचा संबंध नाही.

फोन उचलणारा मराठीच निघाला. पहिलाच प्रश्न, “साहेब, बफर किती ठेवलाय? १२८ की २५६?” बफर म्हणजे कॉम्प्युटर एका हप्त्यात हाताळतो तेवढा आवाज, सॅम्पलमध्ये म्हणजे आवाजाच्या बारीक नमुन्यांत मोजलेला. असं विचारणारा माणूस भामटा असेल अशी शंका तरी कशी यावी? मग इंटरफेसच्या तळाशी असलेला सीरियल नंबर वाचून दाखवायला लावला, पलीकडे टाइप केल्याचा आवाज, “हो, रजिस्टर्ड दिसतोय तुमचा.” पुढे स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगितलं आणि त्यातला आकडा मागितला. तिथून माउस त्याच्या हातात.

त्याने रीपरच्या सेटिंगमध्ये जाऊन बफर १०२४ केला. चरचर थांबली. आम्ही “वा!” म्हणालो.

फसवणुकीचा खरा सांधा इथे आहे. बफर वाढवला की कॉम्प्युटरला प्रत्येक हप्त्याचं काम उरकायला जास्त वेळ मिळतो, म्हणून चरचर दबते. बदल्यात आवाज उशिरा येतो. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले, तर १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे सुमारे २३, आणि तेही एका बाजूचे. माइकमधून आत जाऊन हेडफोनपर्यंत परत येईपर्यंत दुपटीहून जास्त. गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो आणि ताल सुटतो. दुखणं तसंच होतं, त्याने फक्त ते झाकलं होतं. पण त्या क्षणी आम्हाला दिसलं ते एवढंच की याने हात लावला आणि बरं झालं.

“हे तात्पुरतं आहे साहेब,” म्हणत त्याने विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरच्या बारीकसारीक नोंदींची यादी, उघडलं. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, ओळीच्या ओळी. “बघा, केवढे एरर! तुमचं ड्रायव्हर लायसन्स संपलंय, म्हणून अपडेटनंतर विंडोजने काढून टाकलं.” ही यादी कुठल्याही धडधाकट कॉम्प्युटरवर उघडून बघा, अशाच खुणा दिसतील. एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही तरी तिथे नोंद पडते. भामट्यांचं हे फार जुनं हत्यार आहे.

वर्षाचे ४,९९९, तीन वर्षांचे ९,९९९. मी वर्षाचे यूपीआयने दिले. पैसे गेले त्या खात्याचं नाव एखाद्या किराणा दुकानासारखं होतं. विचारलं तर म्हणे, “आमचा पेमेंट पार्टनर आहे.”

यावरही तो थांबला नाही. “रक्कम चुकून दोनदा आली आहे, एक परत करतो, लॅपटॉपवर नेटबँकिंग उघडा,” असं म्हणाला आणि स्क्रीन काळी झाली. वर ‘अपडेट सुरू आहे, बंद करू नका’. पैसे यूपीआयने गेले होते, परत करायला माझं नेटबँकिंग कशाला हवं? मी राउटरचं बटण बंद केलं. त्यानंतर त्याचे फोनवर फोन, आवाज चढलेला, “तुमचा इंटरफेस आता कायमचा ब्लॉक होईल.” अर्थातच तसं काही होत नसतं.

इंटरफेस दुरुस्त केला तो कालिदास कलामंदिरात नाटकांच्या साउंडला बसणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने. “काका, जुना ड्रायव्हर गेला आणि विंडोजने स्वतःचा साधा ड्रायव्हर लावला, एवढंच झालंय.” विंडोज १० मध्ये २०१७ पासून यूएसबी ऑडिओ २.० चा असा सर्वसाधारण ड्रायव्हर आतच असतो. त्यावर गाणी वाजतात, पण कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर त्यात नसतो, म्हणून रीपरच्या यादीत नाव दिसत नाही. एएसआयओ ही पद्धत स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणली. आवाज विंडोजच्या मिक्सरमधून न फिरवता थेट सॉफ्टवेअरला द्यायचा, ही तिच्यातली मुख्य गोष्ट. मी नाइलाजाने निवडला होता तो एएसआयओफॉरऑल. तो फुकट आहे, वाईटही नाही, पण विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेलं ते आवरण आहे. ज्या कार्डाला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नाही त्याच्यासाठी ते ठीक.

त्याने इंटरफेसची वायर काढली, लॅपटॉप रीस्टार्ट केला, कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घेऊन टाकला आणि मगच वायर जोडली. तीही हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये. नाव यादीत परत आलं. थोडी चरचर उरली होती, तिच्यासाठी लेटन्सीमॉन नावाचं फुकट साधन चालवलं. कॉम्प्युटर अडवून धरत होता तो वायफायचा ड्रायव्हर. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद ठेवलं, बफर १२८ वर आणला, पखवाज स्वच्छ. मुलगा चहा पिऊन गेला, पैसे घ्यायला तयार नव्हता.

हे सगळं मात्र विंडोज पुसून नव्याने टाकल्यानंतर. परका माणूस आत येऊन गेलेल्या लॅपटॉपवर फक्त ते ॲप काढून भागत नाही, मागे काय ठेवून गेला ते कळत नाही. सगळे पासवर्ड मी फोनवरून बदलले, त्या लॅपटॉपवरून नाही.

पैशांचं म्हणाल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. फोन करताना यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या आयडीवर पैसे गेले तो आयडी समोर लिहून ठेवा, शोधत बसलात तर तेवढ्यात रक्कम पुढच्या खात्यात जाते. जाहिरातीचा, फोन नंबरचा स्क्रीनशॉट आधी काढा, नंतर ती जाहिरात सापडेलच असं नाही. पिन मी स्वतः टाकलेला असल्यामुळे बँक याला परस्पर झालेला व्यवहार मानत नाही, तिथे फार आशा ठेवू नका. माझे पैसे अजून आलेले नाहीत.

जाहिरातीचीही तक्रार केली, ती उतरवली गेली. परवा सहज तेच शब्द टाकून पाहिले. नंबर नवा आहे, ‘अधिकृत ड्रायव्हर साहाय्य’ तेच आहे, आणि आता ते मिक्सरच्या ड्रायव्हरचंही लायसन्स देतात.