देवगिरीचे आगाऊ तिकीट: वेळ वाचतो, चढ वाचत नाही

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरा जण देवगिरी किल्ल्यावर जाऊन आलो. परभणीचे आम्ही सात आणि जालन्याचे मामेभावाचे कुटुंब चार, असा तो हिशोब होता. किल्ल्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. त्यामुळे येथे मुख्यतः प्रवेशाचे तिकीट घरूनच काढून ठेवण्याच्या सोयीविषयी, ती कितपत उपयोगी पडते याविषयी आणि तिच्या नावाखाली आमच्यापैकी एकाची जी फसगत झाली तिच्याविषयी लिहीत आहे.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे आणि त्याचे तिकीट सर्वेक्षणाच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते. २०१८ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे भारतीय पर्यटकाला रोखीने २५ रुपये आणि ऑनलाइन २० रुपये पडतात, तर पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीटच लागत नाही. तारीख निवडायची, प्रत्येकाचे नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक भरायचा, पैसे भरायचे आणि आलेला क्यूआर कोड जपून ठेवायचा, इतकेच काम आहे. मी सुरुवातीला ‘देवगिरी’ या नावाने शोधत बसलो आणि उगाच पाच मिनिटे घालवली; सरकारी यादीत किल्ला ‘दौलताबाद’ या नावाने आहे, हे परभणीच्या माणसाला खरे तर आधीच सुचायला हवे होते. सर्वांचे आधार क्रमांक एका कागदावर लिहून जवळ ठेवले असते, तर ‘तुझा नंबर पाठव’ म्हणून सहा ठिकाणी फोन करण्याचीही गरज पडली नसती. आमच्या सातही जणांचे मिळून १४० रुपये झाले.

मामेभावाने मात्र दुसरा मार्ग धरला. मोबाईलवर शोधताना सर्वांत वर जी जाहिरात दिसली, ती एका खासगी मध्यस्थाची होती आणि तिच्यात ‘रांगेविना थेट प्रवेश’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. माणशी १४९ रुपयांप्रमाणे चार जणांचे ५९६ रुपये त्याने भरले. दाराशी आल्यावर दिसले ते असे, की त्याच्या हातातही आमच्यासारखेच साधे प्रवेशतिकीट होते, वेगळे दार नव्हते, वेगळी रांग नव्हती, आणि त्याची दोन्ही मुले, एक नऊ वर्षांचा व दुसरी तेरा वर्षांची, मुळात फुकट जाणारी होती. म्हणजे जे काम ४० रुपयांत झाले असते, त्यासाठी त्याने जवळजवळ पंधरापट मोजले. पुढे दिवसभर त्याला ‘थेट प्रवेशवाले’ या नावाने हाक मारली गेली, ती गोष्ट वेगळी. वाचकांनी एवढेच लक्षात ठेवावे, की मुलांचेही पैसे मागणारे पान अधिकृत नाही.

आता या तिकिटाने नेमके काय मिळते? आम्ही सकाळी नऊच्या सुमारास पोहोचलो, तेव्हा खिडकीपुढे तीसेक माणसे उभी होती आणि आम्ही कोड दाखवून थेट आत गेलो. वीस मिनिटे वाचली असतील. शहरातील एखाद्या बागेत या वीस मिनिटांना काही किंमत नसते, पण देवगिरीवर ती असते, आणि ती का असते हे किल्ल्याची रचना पाहिल्यावरच कळते.

बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा पाचवा भिल्लम याने येथे राजधानी वसवली. पुढे खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल असे एकामागून एक धनी बदलले आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने तर दिल्लीची राजधानीच येथे हलवली. पण किल्ल्याचा स्वभाव तोच राहिला, येणाऱ्याला अडवणे. अंबरकोट, महाकोट आणि काळाकोट असे तट ओलांडायचे, अणकुचीदार खिळ्यांचे दरवाजे पार करायचे, आणि मग समोर येतो तो सुमारे २०० मीटर उंचीचा एकांडा डोंगर, ज्याचा पायथ्याकडचा भाग चहूबाजूंनी तासून उभ्या भिंतीसारखा केलेला आहे. त्याभोवती खंदक आहे आणि तो ओलांडल्यानंतर वर जाण्याची वाट अंधारीतून जाते.

ही अंधारीच साऱ्या वेळापत्रकाची किल्ली आहे. कातळ पोखरून केलेल्या या वळणावळणाच्या भुयारात पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. एक पायरी वीतभर, तर पुढची गुडघ्याएवढी. वटवाघळांचा उग्र वास आधी नाकात शिरतो आणि त्यांची चिरचिर नंतर ऐकू येते. पुढच्या गटाच्या वाटाड्याने टॉर्च विझवला, तेव्हा भाचीला स्वतःचा हात दिसेना आणि तिने माझ्या सदऱ्याची बाही जी धरली, ती उजेड येईपर्यंत सोडली नाही. शत्रूला चकवणाऱ्या वाटा, वरून उकळते तेल ओतण्याची जागा, हे सारे वाटाड्या सांगतो आणि ते शांतपणे ऐकता आले तरच त्याची मजा आहे. आम्ही वर जाताना भुयारात आमच्याखेरीज दोनच कुटुंबे होती. परत येताना, साडेअकराच्या सुमारास, शाळांच्या दोन सहली एकाच वेळी आत शिरल्या होत्या आणि चढणारे व उतरणारे अंधारात एकमेकांच्या खांद्यांना घासत चालले होते. सकाळी वाचलेली वीस मिनिटे येथे वसूल झाली.

अंधारीनंतरचा चढ उघड्यावर आहे आणि काळा कातळ नोव्हेंबरातही दहा वाजल्यापासून तापू लागतो. पाण्याच्या सहा बाटल्यांची पिशवी आम्ही गाडीतच विसरलो होतो. यादव राजा रामदेवरावाने खिलजीच्या वेढ्याच्या वेळी धान्याच्या म्हणून गडावर नेलेल्या गोण्यांत मीठ निघाले, अशी कथा सांगतात. आत्यांनी ती नेमकी त्याच वेळी सर्वांना ऐकवली आणि पिशवीची जबाबदारी ज्याच्याकडे होती त्याने मान खाली घातली. वर बारादरी नावाच्या महालापर्यंत पोहोचल्यावर वाऱ्याने सगळा शीण जातो. गडावरच जनार्दनस्वामींचे स्थान आहे. एकनाथांचे हे गुरू देवगिरीचे किल्लेदार होते आणि त्यांच्या ध्यानसमाधीसाठी किल्ल्यावर गुरुवारी सुट्टी पाळली जाई, अशी परंपरा आहे.

सुट्टीचा विषय निघालाच आहे, तर एक सूचना. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, त्यामुळे आगाऊ तिकिटे काढताना दोन्ही किंवा तिन्ही ठिकाणांचा वार एकत्र बसवून पाहावा. किल्ला छत्रपती संभाजीनगरपासून पंधरा किलोमीटरवर, वेरूळच्या वाटेवरच आहे, म्हणून बहुतेक लोक सकाळी लेणी आणि दुपारी किल्ला असा बेत करतात. माझ्या मते तो उलटा करावा. लेण्यांत सावली आहे. किल्ल्यावर ती शोधावी लागते.

ज्येष्ठांसाठी तिकीट काढावे की नाही, असा प्रश्न आमच्याकडे निघाला होता. आत्या ६८ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. त्या चिनी महालापर्यंत आल्या आणि तेथेच थांबल्या. तरीही वाटेत त्यांना चांद मिनार, हत्ती हौद आणि भारतमाता मंदिर निवांत पाहता आले. ज्या महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह कैदेत होता, त्याच्या पडक्या भिंतीच्या सावलीत त्या आमची वाट पाहत बसल्या. जवळच्या बुरुजावरील मेंढा तोफ, जिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके कोरले आहे, ती आमच्यापेक्षा त्यांनीच अधिक बारकाईने पाहिली. तेव्हा वीस रुपयांत अर्धा किल्लाही महाग पडत नाही.

तक्रारवजा एक गोष्ट स्वतःच्याच खात्यावर लिहितो. सातही जणांची तिकिटे माझ्या एकट्याच्या फोनवर होती आणि दारापाशी त्या फोनची बॅटरी नऊ टक्क्यांवर आली होती. मुलांनी आदल्या रात्री त्यावर काय पाहिले, हे विचारण्यात अर्थ नव्हता. तिकिटांची छापील प्रत काढून खिशात ठेवावी, किंवा निदान दुसऱ्या एखाद्या फोनवर पाठवून ठेवावी.

अधिकृत ऑनलाइन तिकिटाला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण माझ्या आळसाचा कापला आहे, कारण ‘देवगिरी’ऐवजी ‘दौलताबाद’ लिहायला मला तिसऱ्या प्रयत्नात सुचले. मध्यस्थाच्या ‘थेट प्रवेशा’ला गुण देण्याचे काम मामेभावावर सोपवले होते, त्याने उत्तर न देता दाराबाहेरच्या टोपलीतून सीताफळे निवडायला सुरुवात केली आणि त्यांचे पैसेही, भाव न करता, त्यानेच दिले.