आरव्ही-10 मध्ये स्की आणि सायकल: जागा पुरते, पण वजन कुठे बसतं ते बघा

घरी बांधलेलं विमान म्हटलं की आपल्याला आधी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान उभं करणारे अमोल यादव आठवतात. त्यांनी विमान मुळापासून रचलं. अमेरिकेत वाट थोडी सोपी आहे. ऑरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टकडून कापलेले, भोकं पाडलेले पत्रे घ्यायचे आणि गॅरेजात रिव्हेट मारायला बसायचं. त्यांच्या किटांपैकी चार सीटचं आरव्ही-10 (पहिलं उड्डाण 2003, लायकॉमिंगचं 260 अश्वशक्तीचं इंजिन) कोलोरॅडोच्या डोंगरात स्की आणि सायकली घेऊन जायला किती कामाचं, एवढंच इथे बघू.

लांबीचा प्रश्न यात सुटलेला आहे. दोन सीटच्या आरव्ही-7 मध्ये स्की मावत नाहीत, म्हणून काही जण सामानाच्या कप्प्यामागची भिंत कापून शेपटीकडे नळी बसवतात. त्या पोकळीत एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीचा) पुशरॉड, म्हणजे ती हलवणारा दांडा, हलत असतो. नळी घट्ट बांधलेली आणि मागून बंद हवीच, नाहीतर सुटलेली स्कीची काठी पुशरॉडला अडकू शकते. आरव्ही-10 मध्ये ही कापाकापी लागत नाही. मागच्या एका सीटची पाठ काढली की 180 सेंटीमीटरच्या स्की कप्प्यापासून पुढच्या दोन सीटांच्या फटीपर्यंत आडव्या झोपतात. पुढे दोन सीटांमधल्या उंचवट्यावर इंधनाचा सिलेक्टर (टाकी निवडायची कळ) आहे, तिथवर टोक पोचता कामा नये. घरी त्याच लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापून आधी ठेवून बघा, म्हणजे विमानतळावर थंडीत ओढाताण होत नाही.

खरी अडचण वजनाची, आणि त्यातही ते कुठे बसतं याची. कप्प्याची मर्यादा 100 पाउंड (सुमारे 45 किलो), विमानाचं कमाल वजन 2,700 पाउंड, आणि गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे तोलतं तो बिंदू, डेटमपासून (मोजायला ठरवलेल्या पुढच्या शून्य रेषेपासून) 107.84 ते 116.24 इंचांत राहायला हवा. एक नमुना मांडू: रिकामं विमान 1,600 पाउंड, गुरुत्वमध्य 107 इंचांवर. चार माणसं प्रत्येकी 170 पाउंड, इंधन 40 गॅलन (240 पाउंड), कप्पा पूर्ण भरलेला. एकूण 2,620 पाउंड होतात. वजनात बसलं म्हणून माणूस खूश होतो, पण गुरुत्वमध्य 116.4 वर गेलेला असतो, म्हणजे मर्यादेच्या मागे. त्यातच इंधन पंखांत, जवळपास 109 इंचांवर आहे. ते जळत जाईल तसा मध्य आणखी मागे सरकतो, आणि उतरताना विमान नाक उचलायला जास्तच उत्सुक होतं. कप्प्यात 100 ऐवजी 60 पाउंड ठेवले तर तो 115.6 वर येतो. 60 पाउंडांत चौघांचं स्कीचं सामान बसत नाही.

हेच गणित तिघांसाठी करा. टाक्या पूर्ण, म्हणजे 60 गॅलन, आणि कप्प्यात पूर्ण 100 पाउंड. एकूण वजन 2,570, गुरुत्वमध्य 113.8. पन्नास गॅलन जाळल्यावरही 114.4. बाइंडिंगसकट (बूट अडकवायच्या पकडीसकट) स्कीची जोडी पाच-सहा किलो, बूट चार किलो, हेल्मेट-कपडे पाचेक किलो धरले तर माणशी पंधरा किलो, तिघांचे पंचेचाळीस. म्हणजे कप्प्याच्या मर्यादेला नेमके टेकतात. शिवाय स्की कप्प्याच्या पुढे आलेल्या असतात, त्यामुळे गणित सुरक्षित बाजूलाच राहतं. आरव्ही-10 हे स्कीसाठी तिघांचंच विमान आहे. मात्र आकडे तुमच्या विमानाच्या प्रत्यक्ष वजनकाट्याचे घ्या. रंग आणि गाद्या बदलल्या तरी रिकाम्या विमानाचा मध्य हलतो.

बांधणी रबरी हुकांनी करू नका, रबर ताणतं. रॅचेटचा (खटक्याने घट्ट होणारा) पट्टा घ्या आणि पाठ काढलेल्या सीटच्या बेल्टच्या अँकरला अडकवा. तीन जोड्या मिळून अठरा किलो. नऊ जीच्या (वजनाच्या नऊपट जोराच्या) धक्क्यात त्या 160 किलोंच्या जोराने पुढे, पायलटच्या मानेकडे येतात. पट्ट्याचं मोकळं टोक दाराच्या फटीत अडकणार नाही हे हाताने चाचपून बघा. या विमानाची वर उघडणारी दारं नीट न लागल्यामुळे उड्डाणात निघून गेल्याच्या घटना झालेल्या आहेत. दार बंद झाल्याचा दिवा आणि जादा कडी या दोन्ही गोष्टी बसवाच.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे स्कीच्या पोलादी कडा. अनेक आरव्ही-10 मध्ये दिशा दाखवणारा मॅग्नेटोमीटर कप्प्यामागे शेपटीत असतो. कडा त्याच्या जवळ आल्या तर पडद्यावरची दिशा चुकते. सामान भरल्यावर धावपट्टीवर लिहिलेल्या दिशेच्या आकड्याशी ती ताडून बघा. मॅग्नेटोमीटर पंखाच्या टोकाला हलवणं हा कायमचा इलाज. आणि स्की आत घालण्याआधी बर्फ पुसून काढा: ते वितळून फटींतून खाली उतरतं आणि वर गेल्यावर तिथेच गोठतं.

उन्हाळ्यात सायकल न्यायची तर दोन्ही चाकं काढावी लागतात. डिस्क ब्रेकच्या दोन पॅडांच्या मध्ये प्लास्टिकची पाचर घाला. वाटेत लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. टायरची हवा सोडायची गरज नाही, दहा हजार फुटांवर बाहेरचा दाब साधारण साडेचार पीएसआयच (पाउंड प्रति चौरस इंच) उतरतो. अस्वलाचा स्प्रे मात्र केबिनमध्ये नको, तो जिथे उतराल तिथे विकत घ्या. कोलोरॅडोतल्या लेडव्हिलला (9,934 फूट) जुलैच्या 20 अंश दुपारी घनतेची उंची (हवा जितक्या उंचीवरच्यासारखी विरळ असते ती) सुमारे 12,900 फूट होते आणि 260 अश्वशक्तीतले जेमतेम 165 उरतात. त्या दिवशी मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण) जमिनीवरच पातळ, म्हणजे कमी इंधनाचं, करून घ्या आणि सायकली दोनच न्या.