रिसाल्याचे जुने फोटो विकत घेताय? माझा अनुभव आधी वाचा

पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स अशा इंग्रजी अमदानीतल्या रिसाल्यांचे, म्हणजे घोडदळाच्या रेजिमेंटांचे, ‘मूळ फोटो’ सध्या व्हॉट्सॲपवर सर्रास विकायला येतात. त्यात माझे १८,००० रुपये गेले. पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे मिळतील तेव्हा मिळतील. पण फसवायची रीत इतकी पद्धतशीर आहे की ती इतरांना कळायलाच हवी.

मी हे फोटो जमवतो ते घोड्याच्या सामानासाठी. शिलेदारी रिसाल्यात सवाराने घोड्याचे आणि सामानाचे पैसे स्वतः भरायचे, अशी रीत होती. ती पहिल्या महायुद्धानंतर मोडली. तोवर एका रिसाल्याचं खोगीर आणि लगाम दुसऱ्यासारखाच असेल, याची खात्री नसायची. नियमांच्या पुस्तकात एक आणि घोड्याच्या पाठीवर दुसरंच! तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कुठून आवळला आहे, तोबरा (दाण्याची पिशवी) कुठे लटकवला आहे, सुटे नाल कुठल्या पिशवीत आहेत, हे सांगणारा पुरावा म्हणजे फोटोच. म्हणून खोट्या फोटोचा मला जास्त राग येतो. खोटी नोंद एकदा अभ्यासात शिरली की ती उपटून काढणं फार अवघड.

विक्रेता बोलायला अदबशीर होता. “साहेब, निवृत्त रिसालदाराच्या (घोडदळातल्या अधिकाऱ्याच्या) घरातला माल आहे, दलालाचा नाही.” सहा फोटो होते. त्यातला एक घेऊन तो स्वतः भेटायला आला, आणि तो फोटो अस्सल होता. आजही माझं तेच मत आहे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, घोड्याशेजारी लगाम धरून उभा असलेला एक दफेदार, म्हणजे घोडदळातला हवालदार. फोटो तिरका धरला की पगडीच्या सावलीत आणि कडेच्या काळ्या भागात निळसर चांदीची झाक उमटत होती. चांदीच्या क्षारांवर केलेल्या जुन्या छपाईत वर्षानुवर्षांनी अशी झाक येते, ती रंग फासून आणता येत नाही. रिकिबीच्या चामड्याला कारखान्यातल्या भोकांच्या वर एक जादा, हाताने पाडलेलं भोक होतं. माणूस बुटका असणार. अशा एका भोकासाठी मी फोटो घेतो.

उरलेले पाच अल्बममधून सोडवायला वेळ लागेल, सोडवताना फाटायला नकोत, असं त्याने सांगितलं. कारण पटण्याजोगं होतं. पूर्ण रक्कम यूपीआयने गेली आणि पाच फोटो कुरियरने आले.

पुठ्ठे खरे जुने होते, आणि खरी लबाडी तिथेच आहे. कुणाचे तरी कौटुंबिक फोटो खरवडून काढून त्या पुठ्ठ्यांवर नवी छपाई डकवली होती. दहापट भिंगाखाली तपकिरी रंगाच्या जागी गुलाबी, निळे, पिवळे ठिपके दिसले; इंकजेट छपाईची ही खूण. खऱ्या फोटोत ठिपके नसतात, छटा सलग उतरत जाते. अंधारात यूव्ही टॉर्च मारला तर पुठ्ठा मंदच राहिला आणि वरचा कागद निळा-पांढरा चमकला. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ती द्रव्यं १९५०च्या आसपासपासून वापरात आली. १९१४च्या कागदात ती असणं शक्यच नाही.

मागच्या नोंदी तर त्याहून वाईट. एकावर ‘१७ पूना हॉर्स, फ्रान्स १९१४’. त्या वर्षी ही रेजिमेंट ३४वी होती. १७ हा आकडा १९२१नंतर, दोन रेजिमेंट एकत्र केल्यावर आला. घरच्या कुणी नंतर आठवणीने लिहिलं असेल तर अशी चूक होऊ शकते, म्हणून तेवढ्यावर मी निकाल दिला नसता. पण दुसऱ्यावर ‘१८९०’ लिहिलं होतं आणि सवाराकडे नळी लाकडाच्या टोकाशी संपणारी आखूड ली-एनफिल्ड रायफल होती. ती विसाव्या शतकातली. तिसऱ्यावर ‘हैफाची स्वारी, १९१८’. हैफा हे आजच्या इस्रायलमधलं बंदर २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी (भालाईत घोडदळाने) घेतलं. हा फोटो मात्र फ्रान्समधल्या कार्नॉय खोऱ्यातल्या डेक्कन हॉर्सचा, जुलै १९१६चा, हाय वूड या जंगलावरच्या हल्ल्याआधीचा. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात तो तपशिलासह आहे, कुणीही पाहू शकतो. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकाला २०१८मध्ये हैफाचं नाव जोडलं गेलं. हे नाव लोकांना माहीत झालं आहे, म्हणून ते चिकटवलं की भाव वाढतो. ज्यांनी फ्रान्समध्ये जीव दिला त्यांचं नाव पुसून हा धंदा चालतो, याचं मला फार वाईट वाटतं.

फोन केला तेव्हा आधी “आमच्या आजोबांना खोटं ठरवता का?” असं सुनावलं, मग नंबर बंद. राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक १९३० वर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पैसे गेल्याबरोबर, जमल्यास त्याच दिवशी, १९३०ला फोन करा. रक्कम खात्यातच असेल तर गोठवता येते. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, कुरियरची पावती आणि विक्रेत्याचे सगळे मेसेज जपून ठेवा. पुरावा म्हणून त्यांचाच उपयोग होतो आहे.

गठ्ठ्यातला एक फोटो खरा निघाला म्हणून बाकीचे खरे धरू नका. प्रत्येक तुकडा हातात घेऊन, भिंगाखाली पाहून त्याचेच पैसे द्या. “अल्बममधून सोडवतो” म्हणाला तर अल्बमसकट दाखवायला सांगा.

पाचपैकी एक फोटो पुन्हा बाजारात फिरताना मला दिसला आहे, या वेळी ‘मराठा सवार’ म्हणून. काळा घोडा, मागे दोन तंबू, सवाराची पदकं छातीच्या उजव्या बाजूला. गणवेशातला शिपाई स्वतःची पदकं डावीकडे लावतो. ही प्रतिमाच उलटी छापली आहे. तो फोटो तुमच्याकडे आला तर घेऊ नका, आणि पाठवणाऱ्याचा नंबर पोलिसांना द्या.