बाकूच्या चायखान्यात ऐकलेलं ‘क्युचेलेरे सू सेपमिशेम’

अझरबैजानची राजधानी बाकू. तिथल्या इचेरीशेहेरमध्ये, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, एका छोट्या चायखान्यात मी लागोपाठ दोन संध्याकाळी गेले. दुसऱ्यांदा गेले ती केवळ एका गाण्यासाठी.

आधी चहाचं सांगते. १५ मानातमध्ये (मानात हे तिथलं चलन) किटलीभर काळा चहा, लिंबू, साखरेचे खडे आणि अख्ख्या चेरींचा मुरंबा. चहा प्यायचा तो कमरेत बारीक अशा आर्मुदू पेल्यातून. साखर ढवळत नाहीत. खडा चहात बुडवून दाताखाली धरायचा आणि वरून घोट घ्यायचा. मुरंबा फारच सुरेख. दुसऱ्या दिवशी चहा कोमट आला, पण सांगताच बदलून दिला.

आठला तिघं वादक बसले. अकरा तारांचं ‘तार’ छातीशी धरलेला एक, गजानं वाजवायच्या तंतुवाद्याचा, म्हणजे कमांचाचा वादक दुसरा, आणि गाणारी बाई स्वतःच डफासारखा गवाल वाजवणारी. आधी बराच वेळ मुगाम, म्हणजे तिथलं पारंपरिक शास्त्रीय संगीत झालं, मग ‘क्युचेलेरे सू सेपमिशेम’ हे लोकगीत. अझरबैजानचे प्रसिद्ध गायक रशीद बेहबुदोव (१९१५–१९८९) यांच्या आवाजात मी ते शेकडो वेळा ऐकलंय, तरी समोर ऐकताना घसा दाटून आला.

गाण्यात आहे तरी काय? यार येईल तेव्हा धूळ उडू नये म्हणून गल्लीत पाणी शिंपडलंय. म्हणजे सडाच की! त्यानं यावं, जावं, फक्त शब्दाला शब्द लागू नये. समोवार (चहाचं पाणी उकळायचं भांडं) पेटवलाय, पेल्यात ‘गंद’ म्हणजे साखर टाकलीय (आपल्या गुलकंदातला कंद तो हाच), प्याले फळीवर इकडेतिकडे पडलेत, आणि ‘हफ्ता’ झाला, भेट नाही. विरहाचा एकही मोठा शब्द नाही, नुसती घरकामं. म्हणूनच ते जुनं होत नाही, असं मला मनापासून वाटतं. वाट बघणारं माणूस करतं काय, तर प्याले पुसतं.

‘सोझ ओल्मासिन’ (शब्दाला शब्द लागू नये) या शब्दांवर बाईंनी गवाल थांबवला आणि गालापाशी धरून ठेवला. मागे कमांचा एकटीच वाजत राहिली. शेजारच्या टेबलावरच्या आजींचे ओठ हलत होते.

तक्रार एकच: एवढ्याशा खोलीत स्पीकर कशाला? कमांचाचा बारीक कंप त्यात हरवतो. जाणार असाल तर साडेसातलाच पोहोचा आणि स्पीकरपासून लांब, तारवाल्याशेजारचं भिंतीलगतचं टेबल धरा.