नावेच्या ट्रेलरचे बेअरिंग-सील: अड्याळ रस्त्यावरच्या मिस्त्रींचं काम

आमच्याकडे सोळा फुटी फायबरची नाव आहे आणि तिच्यासाठी एका ॲक्सलचा ट्रेलर. गोसेखुर्द धरणाचं पाणी उतरलं की काठ गावापासून लांब सरकतो. मग मामा (माजी मालगुजारी) तलावांत मासेमारी सुरू झाली की नाव तिकडं न्यावी लागते. म्हणजे हा ट्रेलर बोलेरोमागं तासभर डांबरी रस्त्यावर पळतो आणि पोचल्या पोचल्या हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) बुडेपर्यंत पाण्यात जातो. धानाच्या ट्रॉलीवर अशी वेळ येत नाही.

मागच्या वर्षी एका गॅरेजात बेअरिंग बदलून घेतले होते. तीन महिन्यांत डावं चाक घरघरायला लागलं. उतरून हात लावला तर हबवर बोट टेकवत नव्हतं. रात्रीची वेळ, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मागं नाव आणि आत जाळी. ती सोडून जाता येईना, म्हणून मी आणि भाचा नावेतच झोपलो.

सकाळी कोणीतरी पवनी-अड्याळ रस्त्यावरच्या या मिस्त्रींचं नाव सांगितलं. टिनाचं शेड, पाटी नाही, समोर ट्रॉल्यांची रांग. मिस्त्री म्हणाले, "नावेची गाडी पयल्यांदाच पाहून रायलो जी, पन चाक तं चाकच आहे." आणि थेट कॅप काढायला बसले.

आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं झालं होतं. पाणी शिरल्याची ती खूण. मग त्यांनी हब डिझेलनं धुऊन माझ्या हातात दिला आणि आतून बोट फिरवायला सांगितलं. कपाला, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कडीला, खड्डे लागत होते. आधीच्या गॅरेजनं कोन (रोलर असलेली आतली कडी) नवे टाकले, पण हबमध्ये ठोकून बसवलेले कप जुनेच ठेवले होते. नवे रोलर त्या खड्ड्यांवरून फिरले, तापले आणि निळे पडले. "कप-कोन जोडीनंच बदलावं लागते, भाऊ. कप काढाले मेहनत लागते म्हनून लोकं तसाच ठेवतेत."

सीलची, म्हणजे हबमध्ये पाणी शिरू न देणाऱ्या रबरी कडीची, गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. जुनं सील हातोड्यानं एकाच बाजूनं ठोकलेलं, म्हणून तिरकं बसलेलं. त्यात स्पिंडलवर (चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यावर) सीलची ओठ, म्हणजे पातळ रबरी कड, जिथं घासते तिथं नखाला लागेल अशी खाच पडली होती. तिथं नवं सील बसवलं असतं तरी पाणी शिरलंच असतं. मिस्त्रींनी खाच पॉलिश पेपरनं साफ केली आणि नवं सील दोनेक मिलिमीटर बाहेर राखून बसवलं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर आली. सील दोन ओठांचं, टीसी मार्काचंच आणायला लावलं: आतली स्प्रिंगची ओठ ग्रीस धरते, बाहेरची चिखल अडवते. बसवताना सीलवर सपाट लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकलं.

बेअरिंग मी नागपूरहून आणले, आत 30206 नंबरचं आणि बाहेर 30205. नट घट्ट करत त्यांनी हब हातानं फिरवत ठेवला, मग नट सैल सोडला आणि शेवटी फक्त बोटांनी टेकवून नट फिरू नये म्हणून नवी पिन घातली. जुनी पिन सरळ करून परत घालू का, असं मी विचारलं तर चक्क रागावले.

दोन्ही चाकांचे चार बेअरिंग, दोन सील आणि मजुरी मिळून 2,450 रुपये लागले. यात मजुरी 600. एवढ्या निगुतीच्या कामाला ती कमीच आहे.

दोन गोष्टी खटकल्या. पाण्यात टिकणारं ग्रीस त्यांच्याकडं नाही, ट्रॅक्टरचंच आहे. मी कॅल्शियम सल्फोनेटचं सोबत नेलं होतं आणि जुनं पूर्ण धुतल्यावरच ते भरलं. ग्रीसमध्ये ग्रीस मिसळायचं नाही, हे त्यांनीही मान्य केलं. दुसरं म्हणजे फोन उचलत नाहीत. धान निघायच्या दिवसांत गेलात तर ट्रॉल्यांच्या मागं नंबर लागतो. मला दीड दिवस थांबावं लागलं.

निघताना सांगितलेलं मी आता काटेकोर पाळतो: "गरम चाक पान्यात नेऊ नोका. अर्धा घंटा थंडं होऊ द्या." तापलेला हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलवाटे पाणी आत ओढते. काठावर पोचलो की आधी जाळी उतरवतो, चहा घेतो, मग हबला हात लावून पाहतो आणि गार वाटला तरच ट्रेलर पाण्यात घालतो.

सात महिने झाले. परवा डाव्या चाकाची कॅप उघडली, ग्रीस भरलं त्याच रंगाचं होतं. उजवं पुढच्या आठवड्यात उघडतो.