गंगापूर की गेटवे? शिडाची बोट घेण्याआधीची वर्षं

तीस-बत्तीस फुटांची, आत चार माणसं झोपू शकतील अशी शिडाची बोट घ्यायची आणि किनारा धरून गोवा, पुढे कोचीपर्यंत जायचं, हे आमच्या घरात सहा वर्षांपूर्वी ठरलं. बोट अजून घेतलेली नाही. मुलीचं शिक्षण संपलं की, म्हणजे आणखी तीन वर्षांनी घेणार. पैसे साठवण्याबद्दल मी नवीन काही सांगणार नाही. बोटीच्या किमतीच्या साधारण १० टक्के दरवर्षी देखभालीत जातात, हा जुना ढोबळ हिशेब धरून चालावं. खरी अडचण हाताच्या तयारीची आहे, कारण नाशिकला समुद्र नाही. मग ही मधली वर्षं मुंबईला जाऊन दुसऱ्याच्या मोठ्या बोटीवर क्रू म्हणून घालवायची, की डिंगी, म्हणजे लहानशी उघडी होडी घेऊन इथल्याच गंगापूर धरणावर? मी दोन्ही केलंय. आधी मुंबई, मग गंगापूर.

मुंबईची बाजू आधी मांडतो, कारण कागदावर तिचंच पारडं जड आहे. उधाणाला तिथे भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. ओहोटीची ओढ बंदराबाहेर निघते, तेव्हा बोटीचं तोंड समोरच्या किनाऱ्यावरच्या मांडव्याकडे असलं तरी बोट भलतीकडेच सरकत असते. हे वाचून कळत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, अष्टमीला सहा, हा कोकणातला हिशेब मी लहानपणी आजोळी ऐकला होता. त्याचा अर्थ कळला तो गेटवेसमोर नांगरलेल्या सगळ्या बोटी एकामागून एक तोंड फिरवताना पाहिल्या तेव्हा. सकाळचे मतलई वारे पडले की शीड लुळं लोंबतं, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा धरतो. जहाजांचे मार्ग, कोळ्यांची जाळी, रात्रीचे दिवे, पोटातली मळमळ यातलं काहीही धरणावर शिकता येत नाही. पुढे ब्रिटनच्या आरवायए या नौकानयन संस्थेचा डे स्किपर, म्हणजे लहान बोटीचा कप्तान होण्याचा कोर्स करायचा असेल, तर त्याआधी बोटीवर ५ दिवस, १०० सागरी मैल आणि रात्रीचे ४ तास झालेले असावेत अशी अपेक्षा असते. ते तास गंगापूरला मिळणार नाहीत.

शिवाय अनुभवी माणसं सगळी तिकडे. त्यांच्यात नुसतं बसलं तरी शिकायला मिळतं.

तरीही दोन हंगामांनंतर माझं जाणं कमी झालं. पंचवटी एक्स्प्रेसने पोचायला अकरा वाजतात, तोवर बोटी सुटलेल्या असतात, म्हणून गाडी काढून पहाटे साडेतीनला घर सोडायचं आणि रात्री कसारा घाट चढून परत यायचं. तेही मी सोसलं असतं. मला अडलं ते वेगळंच. बोटीवर माझ्या वाट्याला जिबची, म्हणजे पुढच्या तिकोनी शिडाची, डावीकडची दोरी आली आणि दोन वर्षं तीच राहिली. टॅक म्हटलं, म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवायचं ठरलं, की सोडायची, पुढच्या टॅकला विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या चरखीवर, वेढे देऊन ओढायची. दुसरा हंगाम संपल्यावर वही काढून बेरीज केली. एकोणीस फेऱ्या, आणि सुकाणू माझ्या हातात सगळं मिळून तास-सव्वा तास, तोही वारा मंद असताना. यात बोटमालकाचं काही चुकत नव्हतं. पाहुण्याच्या हाती सुकाणू देऊन आपली डोलकाठी धोक्यात कोण घालेल?

पण जानेवारीतली एक दुपार माझ्या मनातून गेली नाही. मालकाने एकाएकी शीड कमी करायला सांगितलं, आम्ही केलं. दहा मिनिटांनी वारा चढला. शेजारच्या बोटी आडव्या व्हायला लागल्या आणि आम्ही सरळ चाललो होतो. दहा मिनिटं आधी तुम्हाला काय दिसलं, असं मी त्यांना विचारलं. "अरे, कळतं ते," म्हणाले. टाळायचं म्हणून नव्हे, त्यांना ते खरंच शब्दांत सांगता येत नव्हतं. परतताना इगतपुरीपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. दोन वर्षांत मी पाण्यावर एकही निर्णय घेतलेला नव्हता, आणि स्वतःच्या बोटीवर मला तेच तर करायचं आहे.

त्या पावसाळ्यात एक जुनी एंटरप्राइज घेतली. तेरा फुटी, दोन शिडांची, दोघांची डिंगी. ९० हजारांना मिळाली, टेम्पो आणि ट्रॉली वेगळी. आधी जलसंपदा विभागाची परवानगी बघा, मग होडी शोधा. मी उलट केलं आणि चार महिने ती मेहुण्याच्या गोठ्याशेजारी पडून राहिली. शहराचं पिण्याचं पाणी इथूनच येतं, त्यामुळे इंजिन आणि तेलाचा विचारही करू नये, रंग खरवडणं घरी करावं.

गंगापूरचा वारा त्र्यंबकच्या डोंगरांवरून येतो आणि डोंगर त्याचे तुकडे करतात. एक झोत येतो, मग काही नाही, मग दुसऱ्याच बाजूने आणखी एक. पहिल्या हंगामात होडी सात वेळा उलटली. प्रत्येक वेळी सेंटरबोर्डवर, म्हणजे तळातून खाली निघणाऱ्या उभ्या फळीवर, उभं राहून ती सरळ करायची आणि पाणी उपसायचं. लाइफ जॅकेट अर्थातच अंगात. दुसऱ्या वर्षी कधीतरी, पाण्यावरून एक काळपट, खवल्याखवल्यांचा पट्टा माझ्याकडे सरकताना दिसला. तो पोचायच्या आत माझ्या हाताने शिडाची दोरी थोडी सैल केलेली होती. होडी नुसती पुढे धावली. त्या मालकांना जानेवारीत काय दिसलं असेल, याचा अंदाज मला त्या दिवशी आला.

दुसरा फायदा मी धरलाच नव्हता. मुंबईच्या बोटीवर बोलावणं एकट्या मला असायचं. इथे बायको बरोबर येते. पहिले सहा महिने ती जिब सांभाळायची, आता सुकाणू बहुधा तिच्याकडे असतं आणि दोरी माझ्याकडे. पुढे कोचीच्या वाटेवर रात्री पाळी बदलायची तर दोघांनाही बोट चालवता आली पाहिजे. मला वाटतं, हे बऱ्याच जणांच्या हिशेबातून निसटतं.

आणि होडी मोडते, मग आपणच दुरुस्त करतो. सुकाणूच्या बिजागऱ्या, फायबरचे तडे, कुजलेली फळी. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, त्याआधी गोव्यात ती बोट बांधली जात असताना ते तिच्यासोबत होते. आपला आवाका फार लहान, पण बोटीचं पोट आतून माहीत असावं हे मला पटतं.

गंगापूरचे तोटेही खरे आहेत. तेरा फुटी होडी दोरी पूर्ण सोडली की थांबते, चार-पाच टनांची बोट थांबत नाही. नांगर टाकणं, धक्क्याला लावणं, इंजिन, भरती-ओहोटी यातलं काहीच इथे येणार नाही. थंडीत सकाळी अकरापर्यंत पान हलत नाही. ज्या वर्षी जायकवाडीसाठी पाणी सोडतात, त्या वर्षी काठ लवकर दूर जातो. मुंबईत जून ते सप्टेंबर बोटी काठावर ओढलेल्या असतात आणि त्याच दिवसांत इकडे चांगला वारा असतो हे खरं, पण गोदावरीच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागल्याची बातमी आली की मी होडी बाहेर काढत नाही. विसर्ग चालू असताना धरणाच्या भिंतीकडे जाऊच नये.

तुमचं काम मुंबईत असेल, किंवा राहायला तिकडे नातेवाईक असतील, तर मुंबईच बरी पडेल कदाचित. नाशिकमध्ये राहून पाच-सहा वर्षं हाताशी असतील, तर मी असं करेन. पहिल्या हिवाळ्यात मुंबईच्या चार फेऱ्या, त्यात एक रात्रीची, म्हणजे समुद्र सोसतो की नाही ते कळेल. मग डिंगी. आणि शेवटची दोन वर्षं पुन्हा समुद्रावर. तेव्हा सुकाणू मागायला संकोच वाटत नाही आणि समोरचाही ते द्यायला तयार होतो. मला या हंगामात दोनदा मिळालं, एकदा अलिबागजवळच्या खांदेरी बेटाच्या बाहेर, वारा चांगला असताना.

डिंगी घ्याल तेव्हा ट्रॉलीला रुंद टायर लावून घ्या. एप्रिलमध्ये पाणी मागे सरतं आणि मधे काळा गाळ उघडा पडतो. त्यात अरुंद चाकं अर्ध्याअधिक रुततात, आणि मग चार माणसांनाही ती निघत नाही.