कीबोर्डवाला फोन की टचचा? आधी तुमची लिपी सांगा

माझ्या हातात ब्लॅकबेरी की-टू, म्हणजे पडद्याखाली खऱ्या बटणांचा कीबोर्ड असलेला फोन, दिसला की कोर्टाच्या आवारात कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, असा फोन अजून मिळतो का? घेऊ का मी?" मी आधी एकच विचारते: दिवसभरात जे टाइप करता त्यातलं इंग्रजी किती आणि देवनागरी किती? कॅमेरा, बॅटरी, किंमत हे सगळं नंतर. याचं उत्तर मिळालं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

मी पुण्यात शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात वकिली करते. नोटिसांचे मसुदे आणि सिनिअरना जाणारे ईमेल बहुतेक इंग्रजीत असतात. पक्षकारांना कळवायच्या तारखा, आणायच्या कागदांच्या याद्या आणि घरचं सगळं मराठीत. की-टू आणि ६.७ इंची पडद्याचा टचचा अँड्रॉइड, दोन्ही माझ्या रोजच्या वापरात आहेत. कुठलं काम आपसूक कुठल्या फोनवर जातं, हे त्यामुळे चांगलं कळलं आहे.

इंग्रजीत कीबोर्ड जिंकतो, पण वेगामुळे नाही. टचच्या पडद्यावर बोट न उचलता अक्षरांवरून फिरवत लिहायची सवय असेल तर साधी वाक्यं तिकडेच लवकर होतात. बटणांचा खरा फायदा अचूकपणात आहे. वादी-प्रतिवादींची आडनावं, गावांची नावं, गट नंबर, कायद्याच्या कलमातलं पोटकलम, या गोष्टी टचचा फोन स्वतःच्या मनाने 'सुधारतो' आणि ती दुरुस्ती नजरेतून निसटली तर नोटिशीत भलतंच नाव जातं. बटणावर जे दाबलं तेच उमटतं. की-टूवर ऑल्टसोबत टी आणि वाय दाबलं की दोन्ही कंस मिळतात, चिन्हांचं वेगळं पान उघडावं लागत नाही. बटणांच्या ओळींमध्ये पट्ट्या आहेत, प्रत्येक बटणाला उतार आहे, त्यामुळे अंगठ्याला जागा कळते आणि नजर मजकुरावर राहते. लांब ईमेल लिहिताना याचं मोल फार आहे. लिहिलेलं लिहितानाच वाचून होतं.

शॉर्टकट, म्हणजे एका बटणावर ठरलेलं अ‍ॅप उघडायची सोय, हेही मला मनापासून आवडतात. २६ अक्षरांना प्रत्येकी दोन, एक नुसतं दाबण्याचं आणि एक दाबून धरण्याचं, असे ५२ शॉर्टकट लावता येतात. स्पेसबारमध्येच बोटाच्या ठशाचा सेन्सर आहे. आणि कीबोर्डवरून नुसतं बोट फिरवलं की पान सरकतं, त्यामुळे लांबलचक निकालपत्र वाचताना अंगठा मजकुराच्या आड येत नाही.

आता देवनागरी. इथे उत्साह आवरा.

या फोनांच्या बटणांवर रोमन अक्षरं छापलेली असतात. कुणी म्हणेल, मग काय झालं, संगणकावरही तेच असतं आणि आपण इनस्क्रिप्ट वापरतोच की. इनस्क्रिप्ट ही १९८६ पासूनची सरकारमान्य मांडणी: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. सवय झाली की तिच्यासारखी मांडणी नाही. पण तिच्यात 'च' अर्धविरामाच्या बटणावर आहे, 'ट' अवतरणचिन्हाच्या, 'ड' चौकटी कंसाच्या आणि 'य' तिरप्या रेघेच्या. फोनच्या कीबोर्डवर ही चार बटणं स्वतंत्र नसतातच. म्हणजे खटला, यादी, चौकशी, डिक्री यांतला एकही शब्द सरळ लिहिता येणार नाही. ही अडचण अ‍ॅपने सुटणारी नाही, कारण जागाच २६ अक्षरांची आहे.

राहतो रोमन अक्षरांतून मराठी उमटवायचा मार्ग. टचच्या फोनवर गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड हे काम छान करतो, पण की-टूवर मराठी लिहायची वेळ आली की मी पडद्यावरचाच कीबोर्ड उघडते. मग ४.५ इंची पडद्याचा मोठा भाग तो खातो आणि खालची खरी बटणं नुसती बसून राहतात. दोन ओळींचा निरोप असेल तर चालतं. पक्षकाराला पुढच्या तारखेला काय काय आणायचं ते नीट समजावून लिहायचं असेल तर मी दुसरा फोन काढते. मराठी बोलून टाइप करायची सोय गूगलने २०१७ मध्ये दिली आणि ती घरी उत्तम चालते, पण कोर्टाच्या व्हरांड्यात पक्षकाराच्या भानगडी मोठ्याने बोलून लिहिता येत नाहीत.

म्हणून ज्यांचं लिखाण मुख्यतः मराठीत आहे, त्यांनी कीबोर्डवाल्या फोनवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मग ते मराठीचे शिक्षक असोत, पत्रकार असोत किंवा सोसायटीच्या सूचना काढणारे सचिव. त्यांना टचचा मोठा पडदा आणि चांगला देवनागरी कीबोर्ड हीच खरी सोय. मराठी रोमनमध्येच लिहिणारे मात्र खुशाल बटणांकडे जाऊ शकतात.

आकड्यांचं गणित वेगळंच आहे. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये खटला शोधायला सीएनआर, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक, टाकतात, १६ अक्षर-अंकांचा. पुण्याच्या खटल्यांना सुरुवातीला एम, एच, पी, यू ही चार अक्षरं आणि पुढे १२ अंक. ब्लॅकबेरीवर १ ते ९ हे अंक डबल्यू-ई-आर, एस-डी-एफ आणि झेड-एक्स-सी या बटणांवर ऑल्टसोबत आहेत. चार अक्षरं झटकन होतात, मग १२ अंक ऑल्टच्या साथीने. टचवर आकड्यांची मोठी पाटी समोर येते आणि हेच काम कमी कष्टात होतं. यूपीआयचा पिन तर दोन्हीकडे पडद्यावरच्याच पाटीवर टाकावा लागतो, तिथे बटणांचा काही संबंध नाही. दिवसभर आकडे भरणाऱ्यांनी, म्हणजे हिशेबनीस, दुकानदार, बँकेतल्या लोकांनी, हे लक्षात घ्यावं.

पडद्याबद्दल लोकांचा एक समज असतो की ४.५ इंच म्हणजे खेळणं. आकडेमोड करून पाहा. की-टूचा पडदा ३:२ प्रमाणातला आहे, त्याची रुंदी साधारण ६३ मिलिमीटर येते. माझ्या ६.७ इंची फोनचा पडदा रुंदीला सुमारे ७० मिलिमीटर आहे. वाचताना अक्षर किती मोठं दिसेल हे रुंदीवर ठरतं, आणि तिथे फरक फार नाही. कमी पडते ती उंची, साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे अक्षर वाचता येतं, पण सारखं सरकवत राहावं लागतं. व्हिडिओ आणि नकाशा यांचं मात्र नुकसान होतं. उभ्या नकाशात पुढचा रस्ता कमी दिसतो आणि नवले पुलापाशी कुठली लेन धरायची ते उशिरा कळतं.

युनिहर्ट्झ टायटन-टू हा २०२५ मध्ये आलेला फोन इथे वेगळा ठरतो. त्याचा पडदा चौकोनी आहे, ४.५ इंची, १४४० बाय १४४० पिक्सेल. हिशेब केला तर बाजू ८० मिलिमीटरच्या पुढे जाते, म्हणजे टचच्या मोठ्या फोनपेक्षाही रुंद. ए-फोर आकाराची पीडीएफ किंवा एक्सेलचा तक्ता वाचायला यापेक्षा सोयीचा फोन मला सुचत नाही. पण तेवढ्या रुंदीचा फोन एका हातात मावत नाही, आणि चौकोनात उभे व्हिडिओ बारीक पट्टीसारखे दिसतात. त्याच कंपनीचा टायटन पॉकेट ३.१ इंची पडद्याचा आहे. खिशात गोड बसतो, पण देवनागरी वाचताना जोडाक्षरांवर डोळे ताणावे लागतात.

एका हाताचा मुद्दा पुणेकरांनी हलक्यात घेऊ नये. वनाजहून सिव्हिल कोर्टापर्यंत मेट्रोत सकाळी उभं राहावं लागतं, एक हात दांडीला असतो. बटणांच्या फोनवर दोन्ही अंगठे लागतात, एका अंगठ्याने पलीकडची अक्षरं गाठताना फोन हातात डुगडुगतो. तिथे टच निर्विवाद सरस. रिक्षात बसून खड्ड्यांतून जाताना उलट होतं, धक्क्यांत टचवर भलतीच अक्षरं लागतात आणि बटणांवर अंगठा टिकतो. पावसाळ्यातही तसंच: भुरभुर पावसात पडद्यावर थेंब पडले की टच बावचळतो, बटणं चालू राहतात. पण की-टू पाण्यापासून संरक्षित नाही, तेव्हा भर पावसात तो बाहेर काढू नका. अंगठ्याच्या सांध्याचं दुखणं असणाऱ्यांनी बटणांच्या वाटेला जाऊच नये. प्रत्येक अक्षराला जोर लागतो आणि संध्याकाळी ते जाणवतं.

आता वयाचा प्रश्न, आणि तो गंभीर आहे. की-टू २०१८ मध्ये भारतात ४२,९९० रुपयांना आला. तो अँड्रॉइड ८.१ वर होता आणि तिथेच थांबला. तो बनवणाऱ्या टीसीएलचा ब्लॅकबेरी नावाचा परवाना ३१ ऑगस्ट २०२० ला संपला. त्यानंतर ऑनवर्डमोबिलिटी या कंपनीने ५-जी ब्लॅकबेरी आणायचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये गाशा गुंडाळला. याचा अर्थ सुरक्षेची नवी दुरुस्ती या फोनला मिळत नाही. बँकेचं अ‍ॅप, यूपीआय, डिजिलॉकर यांतलं काहीही मी त्यावर ठेवत नाही, ते सगळं टचच्या फोनवर. तुम्हाला एकच फोन बाळगायचा असेल तर जुनी ब्लॅकबेरी हा पर्याय बाद समजा. टायटन-टू अँड्रॉइड १५ सह येतो, १२ जीबी रॅम आणि ५-जी आहे, त्यामुळे एकमेव फोन म्हणून विचार करायचाच तर त्याचा करा. मात्र तो परदेशातून मागवावा लागतो, सीमाशुल्क भरावं लागतं, आणि पडदा फुटला तर सुटा भाग पुन्हा तिकडूनच. जिओ वापरत असाल तर ४-जीचे ३, ५ आणि ४० हे बँड (नेटवर्कच्या लहरींचे पट्टे) आणि ५-जीचे एन-२८ व एन-७८ त्या फोनच्या यादीत आहेत का, ते पैसे भरण्याआधी पाहा.

आयफोनवाल्यांसाठी क्लिक्स नावाचं कीबोर्ड असलेलं कव्हर २०२४ मध्ये आलं, १३९ डॉलरपासून. फोन तोच, सुरक्षा तीच आणि पूर्ण पडदा मोकळा, हे त्याचं मोठेपण. पण आधीच लांब असलेला फोन आणखी लांब होतो आणि वजन वरच्या टोकाला जातं. बटणांची हौस भागवून पाहायला सगळ्यात कमी धोक्याचा मार्ग तोच.

जुना की-टू घ्यायचं ठरलंच असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास दुकानांत चौकशी करा, पण घाई नको. बोल्ड, पासपोर्ट, क्लासिक, क्यू-टेन असं ब्लॅकबेरीचं त्याहून जुनं काही समोर ठेवलं तर हात जोडून परत द्या. त्या जुन्या प्रणालींच्या सेवा ब्लॅकबेरीने ४ जानेवारी २०२२ ला बंद केल्या. की-टू एलई स्वस्तात मिळेल, पण त्याच्या कीबोर्डवर बोट फिरवून पान सरकत नाही, म्हणजे निम्मी मजा गेली. फोन हातात आल्यावर नोट्स उघडून एकेक बटण दाबा, एका दाबात दोनदा उमटतं का पाहा, मग कीबोर्डवरून बोट फिरवून पान सरकतं का बघा. स्पेसबारला ठसा नोंदवा. अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन सगळ्या बटणांखाली दिवा लागतो का ते तपासा. आणि स्वतःचं सिम टाकून दुकानातूनच एक फोन लावा: जिओवर व्हीओएलटीईशिवाय, म्हणजे ४-जीवरून बोलायच्या सोयीशिवाय, आवाज जात नाही, आणि बाहेरच्या देशातून आलेल्या फोनमध्ये ते चालेलच असं नाही. फोन लागला, पलीकडच्याला स्पष्ट ऐकू आलं, की मग किमतीचं बोला.